कोकोची तिजोरी आणि तिच्या किल्ल्या

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वर्गात आफ्रिकेतल्या देशांच्या स्वातंत्र्याचा धडा चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एवढी सोन्यासारखी जमीन असून हे देश गरीब राहिले, कारण तिथले पुढारी चोर निघाले. एवढंच ना?" तास संपत आला होता. मी हसत म्हटलं, "बरंचसं तसंच." मुलांनी वह्या मिटल्या आणि मी पुढच्या वर्गावर गेलो.

ते उत्तर मला पुढे बोचत राहिलं. उत्तर सपशेल चूक होतं असं नाही. चोरी झाली होती, भरपूर झाली होती. पण चोर तर सगळीकडेच असतात. एखाद्या देशात चोरांना सगळं घर मोकळं का मिळतं, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मी त्या मुलाला दिलं नव्हतं. आज ते द्यायचा प्रयत्न करणार आहे, आणि त्यासाठी एकाच देशाची, किंबहुना एकाच पिकाची कहाणी सांगणार आहे. देश आहे घाना आणि पीक आहे कोको, म्हणजे ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनतं ते.

घानाचं इंग्रजांच्या काळातलं नाव गोल्ड कोस्ट. कोको हे तिथलं मूळचं झाड नव्हे. ते अमेरिका खंडातलं. टेटे क्वाशी नावाचा एक लोहार फर्नांडो पो या बेटावर काम करून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात मायदेशी परतला आणि त्याने सोबत कोकोच्या बिया आणून मांपाँग गावी लावल्या, ही तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असलेली गोष्ट. मिशनऱ्यांनीही त्याच सुमारास प्रयत्न केले होते. पण नवल वाटावं असं घडलं ते त्यानंतर. १८९१ मध्ये गोल्ड कोस्टमधून नावापुरता, काही किलो कोको परदेशी गेला. १९११ मध्ये, म्हणजे अवघ्या वीस वर्षांत, तो जगातला सर्वांत मोठा कोको पिकवणारा प्रदेश झाला होता.

हे कोणी केलं? गोऱ्या मळेवाल्यांनी नाही. इंग्रज सरकारच्या एखाद्या योजनेनेही नाही. स्थानिक शेतकऱ्यांनी केलं. पॉली हिल या विदुषींनी या शेतकऱ्यांचा गावोगाव फिरून अभ्यास केला आणि १९६३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना असं दिसलं, की ही माणसं मंडळी करून, वर्गणी काढून दूरच्या जंगलातली जमीन विकत घेत, आपापसांत पट्टे पाडून घेत, मजूर लावत आणि आलेल्या नफ्यातून पुन्हा पुढची जमीन घेत. कोकोचं झाड फळायला काही वर्षं जावी लागतात. तेवढी वाट पाहण्याची तयारी आणि हिशेब या माणसांपाशी होता. 'आफ्रिकी माणूस आळशी, त्याला उद्याची फिकीर नसते' असं जे साहेबलोक म्हणत, त्याला या वीस वर्षांनी दिलेलं उत्तर पुरेसं आहे.

मग गाडी कुठे अडली? ती अडली शेत आणि गोदी यांच्या मधल्या रस्त्यावर.

माल विकत घेणाऱ्या कंपन्या युरोपियन होत्या आणि थोड्याच होत्या. १९३७ मध्ये त्यांतल्या बड्या कंपन्यांनी आपापसांत करार केला, की एकमेकांशी स्पर्धा करून भाव वाढवायचा नाही. शेतकऱ्यांना याची कुणकुण लागली. त्यांनी काय करावं? त्यांनी कोको विकायचंच बंद केलं. १९३७ च्या हंगामापासून १९३८ च्या एप्रिलपर्यंत माल घरात पडून राहिला. गावचे प्रमुख आणि शेतकरी एका बाजूला आणि कंपन्या दुसऱ्या बाजूला. लंडनहून नोवेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग आला. या संगनमतावर त्याने टीका केली आणि शेतकऱ्यांच्या संघटनांनीच माल एकत्र करून विकावा अशा दिशेचा उपाय सुचवला.

तो उपाय अमलात येण्याआधी दुसरं महायुद्ध सुरू झालं. सरकारने सगळा कोको स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली. १९४० मध्ये त्यासाठी नियंत्रण मंडळ स्थापन झालं. ते युद्धकाळापुरतं असेल असं कोणालाही वाटावं. शेतकऱ्याला किती भाव द्यायचा ते मंडळ ठरवणार, माल मंडळ विकणार आणि मधला फरक मंडळाच्या खात्यात जमा होणार. ज्या कंपन्यांवर शेतकऱ्यांनी बहिष्कार घातला होता, त्याच मंडळाच्या वतीने खरेदी करणार, आणि कोणी किती खरेदी करायची ते तिच्या जुन्या वाट्यावरून ठरणार. शेतकऱ्याने ज्या साखळीविरुद्ध लढा दिला, तिलाच सरकारी शिक्का मिळाला. युद्ध संपलं, पण मंडळ संपलं नाही. १९४७ मध्ये त्याचं 'कोको मार्केटिंग बोर्ड' असं नवं बारसं झालं.

बोर्डाच्या समर्थनाचं कारण कानाला गोड वाटणारं होतं. जगाच्या बाजारात कोकोचा भाव सारखा वरखाली होतो. तेव्हा तेजीच्या वर्षी थोडं कमी द्यावं, शिल्लक ठेवावी आणि मंदीच्या वर्षी त्या शिलकीतून शेतकऱ्याला सावरावं. घरात आजी जसा सणासुदीला हात आखडता घेते आणि अडचणीला डब्यातून पैसे काढून देते, तसंच हे. फरक एवढाच, की आजीचा डबा घरात असतो. हा डबा लंडनमध्ये होता. बोर्डाची गंगाजळी ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांत गुंतवलेली होती. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला तिचा आधार झाला आणि ज्याच्या घामाचा तो पैसा होता, त्याला त्याबद्दल कोणी विचारलं नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ या. तोपर्यंत कोणी लाच खाल्लेली नव्हती. बोर्डाचे इंग्रज अधिकारी बहुधा सचोटीचे होते, कागदपत्रं चोख होती. पण तिजोरी तयार झाली होती. लाखो शेतकऱ्यांचा पैसा तीत जात होता. तो किती घ्यायचा, कधी परत करायचा हे ठरवताना शेतकऱ्याला उत्तर देण्याचं बंधन किल्लीवाल्यावर नव्हतं. साहेब जाताना ही तिजोरी मागे ठेवून जाणार होता.

१९५१ मध्ये क्वामे एन्क्रुमा तुरुंगातून थेट सत्तेत आले. पूर्ण स्वातंत्र्याला अजून सहा वर्षं होती, पण देशाचा बराचसा कारभार त्यांच्या पक्षाकडे आला. त्यांची स्वप्नं मोठी होती आणि मी त्यांना हसणार नाही. शाळा हव्या होत्या, रस्ते हवे होते, बंदर हवं होतं, व्होल्टा नदीवर धरण हवं होतं. पैसा कुठून आणायचा? तिजोरी समोरच होती.

१९५४ मध्ये कोकोचा भाव जगाच्या बाजारात कडाडला. लंडनमध्ये टनाला ४०० पौंडांच्या वर गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एन्क्रुमांच्या सरकारने कायदा करून शेतकऱ्याचा भाव चार वर्षांसाठी गोठवला. ६० पौंड वजनाच्या एका ओझ्याला ७२ शिलिंग. हिशेब केला तर टनाला साधारण १३४ पौंड होतात. म्हणजे तेजीच्या त्या वर्षी जगाने मोजलेल्या किमतीचा तिसरा हिस्साही पिकवणाऱ्याच्या हातात पडत नव्हता. बाकीचा पैसा देशाच्या विकासासाठी.

कोकोचा मुलूख असलेल्या असांते प्रांतात आग भडकली. सप्टेंबरमध्ये कुमासी शहरात नवा विरोधी पक्ष उभा राहिला. पुढची दोन-अडीच वर्षं तिथे मारामाऱ्या, बॉम्ब, खून हे सगळं झालं. आपल्याकडे या इतिहासाची हकीकत 'जमातवाद्यांनी राष्ट्रीय नेत्याला विरोध केला' अशी सांगितली जाते. त्यात तथ्य नाही असं नाही. पण त्या भांडणाच्या मुळाशी भावाचा प्रश्न होता. शेतमालाचा भाव कोणी ठरवायचा, हा प्रश्न कोकोच्या मुलखात माणसं मारण्यापर्यंत गेला होता.

आता तिजोरीला गळती कशी लागली ते पाहू. बोर्डाने १९५२ मध्ये स्वतःची एक खरेदी कंपनी काढली होती. शेतकऱ्याला सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी ती कर्जंही देई. हे कर्ज कोणाला मिळायचं? तक्रारी इतक्या वाढल्या, की जिबोवू या न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. १९५६ च्या अहवालात निष्कर्ष निघाला, की कंपनीची यंत्रणा सत्ताधारी पक्षाच्या कामासाठी वापरली गेली. कर्ज हवं तर पक्षाशी जुळवून घ्या, असा तो मामला होता. स्वातंत्र्य मिळायला अजून एक वर्ष बाकी होतं, आणि पुढची सगळी लक्षणं त्या अहवालात दिसत होती.

६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्याकडे सुमारे २० कोटी पौंडांची गंगाजळी होती. इतक्या भरल्या घराने संसार सुरू करणारे नवे देश थोडेच. १९६१ मध्ये पक्षाशी बांधलेल्या शेतकरी परिषदेला कोको खरेदीचा मक्ता मिळाला. गावात आता एकच काटा उरला. काटा एकच असला की तो मारला जातो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. १९६६ नंतरच्या चौकशीत नेमकं तेच बाहेर आलं.

एन्क्रुमांना हे कळत नव्हतं का? कळत होतं. १९६१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पहाटे रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण केलं. आपल्याच पक्षातल्या धनलोभी माणसांना त्यांनी त्यात फैलावर घेतलं. मंत्री आणि खासदारांनी धंदा करू नये असं बजावलं. काही बड्या मंत्र्यांना त्या वर्षी जावंही लागलं. आणि पुढच्याच वर्षी त्यांचे एक मंत्री क्रोबो एडुसेई यांच्या पत्नीने लंडनमध्ये सुमारे ३,००० पौंडांचा सोन्याचा मुलामा दिलेला पलंग खरेदी केल्याची बातमी जगभर गाजली. रेडिओवरून केलेल्या उपदेशाचं आयुष्य किती असतं, हे रेडिओवरूनच सांगताना मला थोडा संकोच होतो.

यात एन्क्रुमांवर अन्याय नको. शाळा खरंच निघाल्या, टेमाचं बंदर झालं, आकोसोम्बोचं धरण जानेवारी १९६६ मध्ये सुरू झालं. ते आजही वीज देतं. पण १९६४-६५ मध्ये कोकोचं पीक साडेपाच लाख टनांवर गेलं आणि १९६५ मध्ये जागतिक भाव टनाला १०० पौंडांच्या खाली कोसळला. ज्या दिवसासाठी तिजोरी होती, तो दिवस उजाडला. तिजोरीत जवळजवळ काही नव्हतं. शेतकऱ्याचा भाव आणखी कमी केला गेला. २४ फेब्रुवारी १९६६ ला, एन्क्रुमा परदेशी असताना, लष्कराने सत्ता घेतली.

माणूस बदलला, तिजोरी तीच राहिली. १९७२ मध्ये सत्तेवर आलेल्या कर्नल आचेम्पाँग यांच्या काळात तिला दुसरं भगदाड पडलं. सेडी या घानाच्या चलनाचा सरकारी दर वर्षानुवर्षं कृत्रिमपणे चढा ठेवला गेला. ऐकायला ही किचकट बाब वाटते, पण ती सोपी आहे. कोको विकून आलेला डॉलर सरकार घेई आणि शेतकऱ्याला त्या बदल्यात सरकारी दराने मूठभर सेडी देई. तोच डॉलर ज्याला आयात परवान्यावर सरकारी दराने मिळे, तो घरबसल्या श्रीमंत होई. त्याला कारखाना काढावा लागत नव्हता, शेत कसावं लागत नव्हतं. साहेबाची एक चिठ्ठी पुरत होती. या सगळ्या व्यवहाराला लोकांनी नाव दिलं, 'कालाबुले'. १९७७ मध्ये महागाईचा दर ११६ टक्के झाला. पुढे १९८२ च्या सुमारास काळ्या बाजारात डॉलरला सरकारी दराच्या वीसपट सेडी मोजावे लागत होते.

शेतकऱ्याने काय केलं? त्याने झाडांकडे पाहणं सोडलं, नाहीतर रात्री पोती डोक्यावर घेऊन सरहद्द ओलांडली. पलीकडे आयव्हरी कोस्टमध्ये कोकोला चांगला भाव मिळे, आणि तोही खऱ्या किमतीच्या पैशात. कायद्याच्या भाषेत ही तस्करी. मला मात्र ती १९३७ च्या बहिष्काराची धाकटी बहीण वाटते.

या शेजाऱ्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. १९५७ मध्ये एन्क्रुमा आबिजानला गेले असताना आयव्हरी कोस्टचे नेते उफुए-ब्वान्यी यांनी त्यांच्याशी पैज लावली होती, की दहा वर्षांनी पाहू, कोणाचा देश पुढे असेल. उफुए-ब्वान्यी स्वतः कोकोचे बागाईतदार. त्यांच्याकडेही सरकारी मंडळ होतं, तिथूनही पैसा झिरपत होता. त्यांच्या राजवटीत भ्रष्टाचार घानापेक्षा कमी होता असं म्हणायला मी धजणार नाही. आपल्या जन्मगावी त्यांनी जे प्रचंड चर्च बांधलं, ते पाहून कोणीही म्हणणार नाही. पण बागाईतदाराला झाड जगवावंसं वाटेल एवढं त्यांनी त्याच्या हातात राहू दिलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयव्हरी कोस्ट कोकोत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे भाव कोसळले, १९८७ मध्ये त्यांनी कर्जफेड थांबवली, १९८९ मध्ये शेतकऱ्याचा भाव निम्म्यावर आणला, आणि २००२ मध्ये तिथे यादवी पेटली. म्हणजे पैज कोणीच जिंकली नाही. पण त्या वीस-पंचवीस वर्षांचा फरक चोरांच्या संख्येने पडलेला नाही. चोरी झाल्यावर पिकवणाऱ्यापाशी काय उरलं, यावरून तो पडला.

आता या कहाणीतला सर्वांत कठीण भाग. ४ जून १९७९ ला तरुण हवाई दल अधिकारी जेरी रॉलिंग्ज यांच्या पाठीराख्या सैनिकांनी उठाव केला. घर साफ करायचं, ही त्यांची घोषणा. त्याच महिन्यात आठ वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत आचेम्पाँग यांच्यासह तीन माजी राष्ट्रप्रमुख होते. विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन आणखी शिक्षा मागितल्या. 'भ्रष्टाचाऱ्यांना भर चौकात गोळ्या घातल्या पाहिजेत' हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर किती सहज बोलतो! तिथे ते खरोखर झालं. ऑगस्टमध्ये आक्रा शहरातला माकोला बाजार सैनिकांनी जमीनदोस्त केला. तिथे बसणाऱ्या बायका साठेबाज आहेत, महागाई त्यांच्यामुळे आहे, असा समज होता. बायकांना चाबकाने मारलं. त्यांतल्या बहुतेकींचा गुन्हा एवढाच, की कांदे-टोमॅटो, कापड, साबण विकून त्या घर चालवत होत्या.

आणि मग? सरकारी दर तसाच राहिला, परवाने तसेच राहिले, बोर्ड तसंच राहिलं. थोड्याच दिवसांत कालाबुले परत आलं. रॉलिंग्ज यांना १९८१ च्या शेवटच्या दिवशी पुन्हा सत्ता घ्यावी लागली. १९८३ मध्ये दुष्काळ पडला, वणव्यांनी कोकोच्या बागा जाळल्या, नायजेरियाने हाकलून दिलेले सुमारे दहा लाख घानावासी परत आले. माणसं इतकी खंगली, की गळ्याखाली उठून दिसणाऱ्या हाडांना लोक 'रॉलिंग्जचा हार' म्हणू लागले. १९८३-८४ मध्ये कोकोचं पीक एक लाख साठ हजार टनांच्या आत आलं. बोर्डाच्या हजेरीपटावर मात्र या दशकाच्या सुरुवातीला एक लाखाहून जास्त माणसं होती. त्यांतली काही फक्त हजेरीपटावरच होती.

ज्या रॉलिंग्जनी गोळ्या घातल्या होत्या, त्यांनीच मग १९८३ पासून निराळा रस्ता धरला. चलनाचा दर खऱ्या किमतीकडे नेला, शेतकऱ्याचा भाव टप्प्याटप्प्याने वाढवला, बोर्डाची माणसं कमी केली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती दहा-अकरा हजारांवर आली. हे सगळं जागतिक बँकेच्या आणि नाणेनिधीच्या दबावाखाली झालं आणि त्याचे चटके गरिबांना बसले. दवाखान्याला, शाळेला पैसे मोजावे लागले, हजारोंची नोकरी गेली. तो सुखाचा काळ होता असं मी म्हणत नाही. पण झाडं पुन्हा लागली. २०१०-११ मध्ये घानाने दहा लाख टनांचा टप्पा ओलांडला. माणसं तीच होती, जमीन तीच होती. 'लोकच तसे' म्हणणाऱ्यांनी या आकड्याकडे जरा पाहावं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. बोर्ड आजही आहे आणि भावही सरकारच जाहीर करतं. डिसेंबर २०२२ मध्ये घानाने बहुतेक परदेशी कर्जांची फेड थांबवली. बोर्डही कर्जात बुडालेलं होतं. २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरवर जाऊन पोचला. पण बोर्डाने बराच माल आधीच जुन्या, कमी दराने विकून ठेवलेला होता. शेतकऱ्याला त्या तेजीतलं थोडंच मिळालं. पीक दहा लाख टनांवरून जवळपास निम्म्यावर आलं. त्याला रोगराई आणि पावसाचा लहरीपणा कारण होताच. पण काहींनी बागा सोन्याच्या बेकायदा खाणींना देऊन टाकल्या, आणि रात्रीच्या वेळी पोती पुन्हा सरहद्दीकडे निघाली.

तर, मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आता मी काय सांगेन? तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल, कदाचित त्याचीच मुलं कॉलेजात असतील. मी सांगेन, की पुढारी चोर निघाले हे खरंच आहे, आणि ते सगळं इंग्रजांवर ढकलूनही चालणार नाही. तिजोरी इंग्रजांनी बांधली, पण १९५४ मध्ये ती उघडून शेतकऱ्याच्या हवाली करणं आपल्याच माणसांच्या हातात होतं. त्यांनी ते केलं नाही, कारण देशाचं भलं शेतकऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असा त्यांचा प्रामाणिक समज होता. त्या प्रामाणिक समजाच्या मागोमाग अप्रामाणिक माणसं आत शिरली. आणि त्यांना गोळ्या घालून काही साधलं नाही, कारण किल्ली त्याच खुंटीवर टांगलेली राहिली.

कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो, आणि मग नवं, जास्त इमानदार कुंपण शोधायला निघतो. घानाच्या शेतकऱ्याने १९३७ मध्ये याहून साधी मागणी केली होती. माझ्या मालाचा भाव ठरताना मला विचारा. ती मागणी कंपन्यांनी ऐकली नाही, साहेबाने ऐकली नाही आणि नंतर घरच्यांनीही ऐकली नाही. तो मुलगा भेटला तर मी त्याला एवढंच म्हणेन, की चोर कोण हे जरूर विचार, पण त्याच्या आधी काटा कोणाच्या हातात आहे ते बघ.